डेबियन १२ वरून १३ वर जायच्या आधी काय काय बघून ठेवायचं

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचं १३ वं व्हर्जन, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आलं, पण बऱ्याच जणांची मशिन्स अजून १२ वर, बुकवर्मवरच आहेत, नीट चालतायत म्हणून कोणी हात लावत नाही. अपग्रेडच्या कमांड दोन-तीनच आहेत, ॲप्ट (पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅम्सचे गठ्ठे, आणणारं टूल) सगळं ओढून आणतं आणि बसवतं, पण त्याच्या आधीची तयारी आरामात अर्धा दिवस खाते आणि ती खाऊ द्या. घाई अजिबात नाहीये, १२ ला एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) टीमकडून जून २०२८ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळणार आहेत, त्यामुळे सुट्टीचा दिवस बघूनच हे काढा.

आधी आत्ता कुठलं व्हर्जन आहे ते बघा. ११ वर असाल तर थेट १३ ला उडी मारता येत नाही, आधी १२ करायचं, मगच पुढे. मग डीपीकेजीला (ॲप्टच्या खाली पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणारं टूल) आर्किटेक्चर, म्हणजे सिस्टिम कुठल्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी आहे ते, विचारा, एएमडी६४ आलं तर ठीक (प्रोसेसर इंटेलचा असला तरी नाव हेच येतं), पण आय३८६ आलं तर इथेच थांबायचं, कारण १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी कर्नलच (सिस्टिमचा गाभा) दिलेला नाही. जुना लॅपटॉप असेल तर तो १२ वरच राहू दे, मस्त चालेल.

आता बॅकअप, आणि इथे मी हट्टीच आहे, कारण डेबियनमध्ये १३ वरून १२ वर परत यायची अधिकृत सोय नाही, परत यायचं तर बॅकअपवरूनच. आपल्या फायली तर घ्यायच्याच, पण त्यासोबत अख्खं इटीसी फोल्डर (सगळ्या सेटिंग्जचं), व्हार-लिबमधलं डीपीकेजीचं फोल्डर, ॲप्टची एक्स्टेंडेड-स्टेट्स फाईल (कुठली पॅकेजेस आपोआप आली त्याची नोंद) आणि डीपीकेजी गेट-सिलेक्शन्सने निघणारी पॅकेजेसची यादी, हे सगळं दुसऱ्या डिस्कवर टाका आणि त्यातली एखादी फाईल खरंच उघडून बघा. डेटाबेस (मारियाडीबी, पोस्टग्रेस वगैरे) असेल तर त्याचा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची फाईल, वेगळा काढा. मारियाडीबी आधी व्यवस्थित बंद झालेली पाहिजे, मध्येच क्रॅश झालेली असेल तर नवीन व्हर्जन तो डेटा घेत नाही. पोस्टग्रेसमध्ये १५ च्या शेजारी १७ येऊन बसतं पण डेटा आपोआप हलत नाही, तो आपणच हलवायचा, त्यामुळे १५ लगेच काढून टाकू नका. पीएचपी ८.२ वरून ८.४ वर जातं आणि पायथन ३.११ वरून ३.१३ वर, म्हणजे पायथनचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट्स (प्रत्येक प्रोजेक्टच्या लायब्रऱ्यांची वेगळी फोल्डर्स) सगळे नव्याने बनवावे लागणार, तर त्या लायब्रऱ्यांच्या याद्या, रिक्वायरमेंट्सच्या फायली, आत्ताच काढून ठेवा.

मग १२ लाच पूर्ण अपडेट करून घ्या. ॲप्ट-मार्कला शोहोल्ड विचारून कुठली पॅकेजेस अपडेट होऊ नयेत म्हणून अडकवून ठेवलीयत ते बघा, डीपीकेजी ऑडिट चालवा, त्यात काही अर्धवट बसलेलं दिसलं तर ते आधी निस्तरा. सोर्सेस-लिस्टमध्ये (ॲप्ट पॅकेजेस कुठून आणतं त्याची यादी) आणि तिच्या फोल्डरमध्ये बाहेरच्या रेपॉझिटरीज, म्हणजे पॅकेजेसची कोठारं, असतील, ब्राउझरची, डॉकरची, कुठल्या तरी ड्रायव्हरची, त्या तात्पुरत्या बंद करा, बॅकपोर्ट्सची (१२ साठी बनवलेली नव्या व्हर्जनची पॅकेजेस) ओळ पण.

जागा बघा. रूटवर (मुख्य पार्टिशनवर) किती लागेल ते ॲप्ट स्वतःच सांगतं, पण बूटचं वेगळं पार्टिशन असेल तर ते नीट तपासा, १३ साठी ते निदान ७६८ एमबीचं आणि त्यातलं साधारण ३०० एमबी रिकामं पाहिजे. जुने कर्नल काढलेत की बरीच जागा सुटते. टेम्प फोल्डर (तात्पुरत्या फायलींचं) १३ मध्ये रॅममध्ये जातं, जास्तीत जास्त निम्मी रॅम घेतं, म्हणून तिथे कामाचं काही पडलं असेल तर आधी उचला.

मशिन लांब कुठेतरी असेल आणि एसएसएचवरून (लांबून लॉगिन करायची सोय) काम करणार असाल तर १२ चं ओपन-एसएसएच सर्व्हर अगदी ताजं करून घ्या, नाहीतर मध्येच कनेक्शन तुटलं तर परत आत शिरताच येत नाही. सगळं टीमक्समध्येच (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारं टर्मिनल) चालवा, होस्टिंगवाल्याचा वेब कन्सोल (ब्राउझरमधून मशिनची स्क्रीन) आधी उघडून लॉगिन होतंय का बघा, रीबूटनंतर नेटवर्क कार्डाचं नाव बदललं तर तोच कामाला येतो. घरचं मशिन असेल तर चार्जर लावलेला आणि इन्व्हर्टर चालू, पावसाळ्यात तर नक्कीच.

एवढं झालं की सोर्सेसमध्ये बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी लिहा, अपडेट करा, मग आधी विदाउट-न्यू-पीकेजीज (नवी पॅकेजेस न आणता) लावून साधं अपग्रेड आणि त्यानंतर फुल-अपग्रेड. होय म्हणायच्या आधी कुठली पॅकेजेस काढली जाणारेत ती यादी पूर्ण वाचा, डेस्कटॉप किंवा तुमचा सर्व्हरच त्यात दिसला तर नाही म्हणा आणि कारण शोधा. मध्ये कॉन्फिग फाईलबद्दल विचारलं की डी दाबून फरक बघा, नुसतं एंटर मारलं तर तुमची जुनी फाईल राहते, आणि तुम्ही स्वतः बदल केलेल्या फायलींसाठी तेच बरं. रीबूट करून सगळ्या सर्व्हिसेस उठल्यात का बघा, मगच ऑटोरिमूव्ह (आता न लागणारी पॅकेजेस काढणं), त्याचीही यादी वाचून, आणि बाहेरच्या रेपॉझिटरीज एकेक करून परत चालू करा, ज्यांनी ट्रिक्सीसाठी पॅकेजेस दिलीयत त्यांच्याच.