कर्करोगासह अल्ट्रामॅरेथॉन : या चुका टाळा

42.195 किलोमीटरच्या पुढचे कोणतेही अंतर अल्ट्रामॅरेथॉन म्हणून ओळखले जाते. लडाखमधील खार्दुंग ला चॅलेंजचे 72 किलोमीटर असोत किंवा दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्सचे सुमारे 90, अशी शर्यत पुरी करणारा धावपटू एक गोष्ट हमखास शिकलेला असतो, ती म्हणजे दुखणे अंगावर काढणे. कर्करोगावर उपचार चालू असताना डॉक्टरांच्या संमतीने पुन्हा धावू लागलेल्यांच्या बहुतेक चुका या एकाच सवयीतून होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यांतली सर्वांत धोकादायक चूक पोटरीबाबत होते. कर्करोगामुळे आणि त्यावरील काही औषधांमुळे शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याची शक्यता मुळातच वाढलेली असते. त्यात मुंबईहून डर्बनपर्यंतचा बैठा प्रवास आणि शर्यतीत शरीरातले कमी झालेले पाणी यांची भर पडते. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागू लागली किंवा विश्रांतीनंतरही दुखत राहिली, तर स्नायू आखडला असे समजून ती चोळू नये. त्याच दिवशी डॉपलर तपासणी (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्यावी. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर थेट आपत्कालीन विभाग गाठावा.

दुसरी चूक तपासणीच्या वेळेची आहे, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. लांब धावल्यानंतर स्नायूंची झीज झाल्याने रक्तातील सीपीके (स्नायूंतले एन्झाइम) आणि एसजीओटी (स्नायूंत आणि यकृतातही असणारे एन्झाइम) काही दिवस वाढलेले राहतात. मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी मोजले जाणारे क्रिएटिनिनही वाढू शकते. असा अहवाल पाहून औषधाचा यकृतावर किंवा मूत्रपिंडावर दुष्परिणाम झाला असावा, असा समज होऊन पुढचा डोस विनाकारण लांबू शकतो. शरीरात ग्लुकोज कुठे जास्त शोषले जाते त्यावरून कर्करोग शोधणाऱ्या पेट स्कॅनचेही तसेच आहे : श्रमलेले स्नायू ग्लुकोज अधिक शोषून घेतात आणि चित्र वाचणे अवघड होते. म्हणून शर्यतीची तारीख कॅन्सरतज्ज्ञांना आधीच कळवावी आणि तपासण्या तिच्याशी जुळवून घ्याव्यात.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, त्यामुळे त्या काळात गर्दीची शर्यत नकोच. ताप 100.4 फॅरनहाइटला पोहोचला, तर स्वतःच्या मनाने पॅरासिटामॉल घेऊन तो दाबू नये, ताबडतोब रुग्णालयात जावे. केमोसोबत दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे पहिले एक-दोन दिवस अंगात उसना उत्साह येतो. त्याच्या भरवशावर लांबचा सराव आखणारे पुढे आठवडाभर अंथरुणाला खिळतात.

पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन यांसारख्या केमोच्या औषधांनी तळपाय बधिर होतात आणि फोड आलेला कळतही नाही. दुखेपर्यंत वाट न पाहता ठरावीक अंतरावर बूट-मोजे काढून पाय डोळ्यांनी तपासणे, हाच त्यावरचा खरा उपाय आहे. सिसप्लॅटिन हे केमोचे औषध घेतलेल्यांनी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक ही वेदनाशामके घेऊन धावू नये, कारण मूत्रपिंडांवर एकाच वेळी दुहेरी ताण येतो. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब ही हृदयाला इजा करू शकणारी औषधे मिळालेल्यांनी नव्या टू-डी इकोशिवाय (हृदयाच्या सोनोग्राफीशिवाय) सराव वाढवू नये.

कर्करोगामुळे एक पाय गमावलेल्या कॅनडाच्या टेरी फॉक्सने 1980 मध्ये कृत्रिम पायावर 143 दिवसांत 5,373 किलोमीटर अंतर कापले, मात्र त्या काळात त्याने नियमित वैद्यकीय तपासण्या टाळल्या. 1 सप्टेंबरला थंडर बेजवळ खोकला आणि छातीतील दुखण्यामुळे तो थांबला, तेव्हा कर्करोग फुफ्फुसांत पोहोचला होता. त्याच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे, पण तपासणी पुढे ढकलण्यासाठी त्याचा दाखला कोणी देऊ नये.

शेवटची चूक म्हणजे थांबण्याचा निर्णय वाटेवर घेण्यासाठी राखून ठेवणे. साठाव्या किलोमीटरला थकलेल्या मेंदूकडून तो नीट होत नाही. कोणती लक्षणे दिसली की माघार घ्यायची, हे डॉक्टरांशी बोलून आधीच लिहून काढावे, ती यादी सोबत्याच्या हाती द्यावी आणि त्याने थांबवले तर वाद न घालण्याचे कबूल करावे. बिबच्या (छातीवर लावायच्या क्रमांकपट्टीच्या) मागच्या बाजूला आजाराचे नाव, चालू औषधे, शेवटच्या केमोची तारीख आणि पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेले छोटे उपकरण) बसवलेला असल्यास तो कोणत्या बाजूला आहे, एवढे न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहावे.