माहिती प्रणालीची रचना करताना या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंबा व्यापारी, मच्छीमार सोसायट्या, पतसंस्था यांना सॉफ्टवेअर करून देणारी मुलं आता बरीच झाली आहेत. चांगलंच आहे. पण त्यांनी केलेलं दुरुस्तीला माझ्याकडे येतं, तेव्हा चुका त्याच त्याच असतात. कोड बहुतेकदा नीटनेटका असतो. बोंब असते ती रचनेत. ती ठरवताना एक प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो: ऐन हंगामात, लाइट गेलेली असताना, ट्रक दारात उभा असताना हे चालेल का?

नेट असणारच, असं धरून चालणं

सन मायक्रोसिस्टिम्समधल्या पीटर डॉइच यांनी १९९४ च्या सुमारास वितरित प्रणाली (नेटवर्कने जोडलेल्या अनेक संगणकांवर मिळून चालणारी) लिहिणाऱ्यांच्या गैरसमजांची एक यादी केली होती. त्यातला पहिलाच गैरसमज: नेटवर्क भरवशाचं असतं. यादी परीक्षेपुरती सगळ्यांना पाठ असते. कोड लिहिताना मात्र ती कुणाला आठवत नाही.

देवगडच्या बाजूला एका पॅकिंग शेडमध्ये घडलेलं सांगतो. एप्रिल अखेर, माल भरपूर. संध्याकाळी गाडी सुटली की पहाटे वाशी गाठायची. कारकुनाने ४० पेट्यांचं चलन भरलं आणि सेव्ह दाबलं. स्क्रीनवर गोल फिरत राहिला. बाहेर ड्रायव्हर हॉर्न मारतोय. त्याने पुन्हा सेव्ह दाबलं, या वेळी पटकन झालं. खरा प्रकार असा, की पहिल्या वेळची नोंदही सर्व्हरवर झालेली होती. फक्त "झालं" हे उत्तर परत येताना रेंज गेली होती. आता चलनं दोन आणि पेट्या ८०.

वाशीला दलालाकडे यादी गेली ८० ची, गाडीतून उतरल्या ४०. शेठनी आधी ड्रायव्हरला धरलं. तो बिचारा म्हणाला, "माका काय इचारतास? त्या कॉम्प्युटराक इचारा." कुणी विचारलं नाही. मग हमालांवर संशय, मग दलालावर. पट्टी (दलालाकडून येणारा विक्रीचा हिशोब) आली ती ४० चीच, आणि शेठच्या मनात दलालाबद्दल जी अढी बसली ती बसलीच. सॉफ्टवेअर करून देणाऱ्या कंपनीने काय केलं? सेव्ह एकदा दाबलं की बटण बंद होईल, अशी सोय केली. कारकुनाने पान रिफ्रेश केलं आणि पुन्हा भरलं. म्हणजे मूळ रोग तसाच.

माझी सवय अशी: नोंदीची ओळख सर्व्हरने द्यायची नाही. फॉर्म उघडला त्या क्षणी त्याच मशीनवर यूयूआयडी (पुन्हा कुणाला मिळणार नाही असा लांबलचक ओळख क्रमांक) तयार होतो, अर्धवट भरलेल्या फॉर्मसकट तिथेच जपला जातो आणि नोंदीबरोबर सर्व्हरला जातो. रिफ्रेश केलं तरी तोच राहतो. सर्व्हरवरच्या टेबलात त्यावर युनिक बंधन असतं, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा शिरू शकत नाही. तीच नोंद दहा वेळा आली तरी एकच राहते, आणि दर वेळी पहिल्याचंच उत्तर परत जातं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये "ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग" (आधीच असेल तर काही करू नको) लिहिलं की काम होतं. फक्त एक लक्षात ठेवा: नोंद आधीच असेल तर त्याला "रिटर्निंग" (लिहिलेली ओळ परत दे) जोडूनही ओळ परत येत नाही. ती वेगळ्या क्वेरीने वाचावी लागते. इथे नवशिके हमखास अडकतात आणि मग बंधनच काढून टाकतात.

दुसरी सवय म्हणजे चलन आधी त्या मशीनवरच्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये लिहायचं, छापायचं, गाडी सोडायची. सर्व्हरला रेंज आली की पाठवायचं. "मग बिलाचा सलग क्रमांक कसा देणार?" हा प्रश्न लगेच येतो. जीएसटीच्या नियमात क्रमांक सलग हवा आणि १६ अक्षरांच्या आत हवा, पण मालिका एकच हवी असं कुठे म्हटलंय? प्रत्येक काउंटरला स्वतःची मालिका द्या, प्रश्न मिटला.

दोन कारकून आणि अकरा सर्व्हिसेस

हे तर मला बघवत नाही. एका व्यापाऱ्याच्या हिशोबासाठी बागायतदारांची सर्व्हिस (स्वतंत्र चालणारा छोटा प्रोग्रॅम) वेगळी, पेट्यांची वेगळी, हमालीची वेगळी, पट्टीची वेगळी, आणि प्रत्येकीचा डेटाबेस स्वतंत्र. चार घरांच्या वाडीला चार ग्रामपंचायती दिल्यासारखं. एक पट्टी नोंदवायची तर पाच ठिकाणी हाक मारायची. तिसऱ्या हाकेला नेट गेलं की हमाली कापलेली, पण पट्टीच नाही. मग ते जुळवायला रात्री चालणारी स्क्रिप्ट, आणि ती अडकली की मला फोन.

असं का करतात? मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्ये लिहून ठेवलंय, की संस्थेतल्या माणसांचा संवाद जसा चालतो तशीच तिने केलेली रचना होते. पण तिथे निदान चार टीम असतात म्हणून चार तुकडे पडतात. आमच्याकडे टीम म्हणजे दोन मुलं आणि एकाच टेबलावरचे दोन लॅपटॉप, तरी तुकडे अकरा! कारण बायोडेटात मायक्रोसर्व्हिसेस (अशा तुकड्या-तुकड्यांच्या रचनेचं नाव) लिहायचं असतं. सॉफ्टवेअरच्या रचनेवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलर यांच्यासारख्या माणसानेही २०१५ मध्ये सांगितलं, की आधी एकसंध बांधा, गरज पडली तर तोडा. ते कुणी वाचत नाही.

एक प्रोग्रॅम, एक पोस्टग्रेस. आत मॉड्यूल वेगळे ठेवा, एकाने दुसऱ्याच्या टेबलात हात घालायचा नाही एवढी शिस्त पाळा. पट्टी, हमाली, तोलाई, दलाली सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. एवढ्याने भागणार नाही असा व्यापारी मला तरी कोकणात अजून भेटायचा आहे.

"उद्या काजूलाही चालेल"

आंब्याचं अजून धड झालेलं नसताना काजू, कोकम, मासळी सगळ्यांना चालेल असं फ्रेमवर्क बांधायला घेतात. मग कशाचंच टेबल धड नसतं. एकच टेबल: वस्तू, गुणधर्म, किंमत. सगळं मजकूर म्हणून साठवलेलं. त्यात कुणी "डझन" लिहितो, कुणी "डझ.", कुणी शेवटी एक स्पेस सोडतो. पेटीत चार डझन की सहा हे फळाच्या आकारावर ठरतं, कॅनिंगचा माल किलोवर जातो, म्हणजे एकक हीच या धंद्यातली खरी गुंतागुंत. नेमकी तीच डेटाबेसच्या नजरेआड केली, तर तो राखण कशी करणार? आधी दोन वेगळी कामं हाताने, साधी करा. तिसरं आलं की सारखं काय ते आपोआप दिसतं. घाई असेल तर फ्रेमवर्क नकोच.

बाकीच्या, थोडक्यात

पैसे फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवू नका. ०.१ आणि ०.२ ची बेरीज तिथे बरोब्बर ०.३ येत नाही. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा किंवा दशांश अचूक साठवणारा न्यूमेरिक प्रकार वापरा.

आंब्याचा हंगाम ३१ मार्च ओलांडतो. हंगाम आणि आर्थिक वर्ष यांना एकच रकाना देणाऱ्याला मी नमस्कार करतो.

मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, हे कोडमध्ये लिहू नका. पूर्वी ती नारळी पौर्णिमेच्या हिशोबाने धरत, उद्या आणखी बदलेल. नियम टेबलात ठेवा, "कधीपासून लागू" या तारखेसकट.

"कऱ्हाडकर" शोधल्यावर सापडत नाही, ही तक्रार दर महिन्याला येते. हा ऱ्ह युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकी पद्धतीत) दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे. नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) या दोघांना एक करत नाही. साठवतानाच एका प्रकारात बदलून घ्या, आणि शोधतानाही तोच नियम लावा.

बॅकअप. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा एका दुकानाचा सर्व्हर खालच्या खणात होता आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच कपाटात. एक प्रत दुसऱ्या गावात ठेवा. आणि महिन्यातून एकदा ती कोऱ्या मशीनवर प्रत्यक्ष उतरवून मागच्या आठवड्याची एक पट्टी काढून बघा. फाइलचा आकार बघून "बॅकअप आहे" म्हणणाऱ्यांची कामं मी आता घेत नाही.