माळवदाची माती उतरवून ते नव्याने कसे घालावे

लातूर, धाराशिव, सोलापूर भागातल्या खणाच्या घरात (चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण) छत पेलतात ते खांब आणि तुळया. चिखलात रचलेली दोन ते चार फूट जाडीची दगडी भिंत बहुतेक ठिकाणी नुसता आडोसा असते. माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, दर वर्षी नवी माती पडते, जुनी मात्र कोणी उतरवत नाही, म्हणून थर वाढत दोन फुटांवर जातो. 8 बाय 8 फुटांच्या एका खणावर दोन फूट थर म्हणजे 128 घनफूट, सव्वा ब्रास माती. घनफुटाला 45 किलो धरले तरी पावणेसहा टन, आणि तीही कोरडी. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात माणसे दबली ती अशाच भिंतींच्या दगडांखाली आणि अशाच मातीखाली. थर सरासरी 8 इंचांवर आणला तर तोच भार दोन टनांच्या आत येतो.

काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरकावे. मे धरला तर एखादा वळवाचा पाऊस उघड्या किलचांवर (मातीखाली अंथरलेल्या लाकडी चिपांवर) पडतो आणि सगळे वाया जाते.

आधी घर आतून तपासा. प्रत्येक कडी, म्हणजे तुळयांवर आडवे टाकलेले लाकूड, हातोडीने ठोकून पाहा. सुकी, चांगली कडी खणखणते, पोखरलेली बद आवाज देते. भिंतीत शिरलेल्या टोकांवर जास्त लक्ष द्या, कारण तिथे ओल धरते, वारा लागत नाही आणि कूज तिथूनच सुरू होते. टोकाला टोच्या अर्धा इंच सहज शिरला तर ती कडी बदलायची. कड्या तुळईवर न टेकता थेट भिंतीवर टेकल्या असतील किंवा भिंतीला पोट सुटले असेल, तर आधी गवंड्याकडून भिंत बघून घ्या. तोवर वर कुदळ लावू नका.

मग प्रत्येक तुळईखाली मध्यावर टेकू द्या. टेकूच्या पायाशी दीड फुटाची फळी ठेवा आणि पाचर मारताना तो नुसता घट्ट करा, तुळई उचलू नका. खांबाच्या डोक्यावरचे कुसू तुळईच्या खाचेत बसलेले असते आणि जुन्या घरांत ते बहुधा वरच्या वजनानेच जागेवर राहते. म्हणूनच एका खणाची माती पूर्ण काढून दुसरा तसाच भरलेला ठेवला की चौकट कलते. सगळ्या खणांवरून 3-4 इंचांचा एकेक थर सारखा उतरवत न्या. एका खणावर दोनच माणसे, आणि मातीचा ढीग वर कुठेही नको. उतरवलेली माती भिंतीलगत टाकली तर पावसाळ्यात तीच ओल भिंतीच्या पायात जाते. ती लांब न्या.

भार कमी झाला की सांधे सैल पडतात, त्यामुळे पुढचे काम टाळू नका. प्रत्येक खांबापासून तुळईला 45 अंशात, 4 बाय 3 इंचांचे, दोन-अडीच फुटी तिरपे धिरे द्या आणि ते 12 मिलिमीटरच्या बोल्टने, दोन्ही बाजूंना वायसर घालून आवळा. भोक आधी पाडावे. जुन्या सुक्या सागवानात थेट जाड खिळा ठोकला की लाकूड चिरते. एकाआड एक कडी लोखंडी पट्टीने तुळईला बांधा.

आता नवा थर. किलचा बदलून त्यावर कडुनिंबाचा पाला दोन बोटे पसरा. त्यावर भुसा घालून तीन-चार दिवस मुरवलेला चिखल इंचभर. तो सुकला की 250 मायक्रॉनचे प्लास्टिक, जोडावर फूटभर एकावर एक आणि कडेला कठड्यावर चढवून. मग माती, तीन-तीन इंचांच्या थरांत धुम्मसाने ठोकून. ओल किती असावी? मुठीत दाबलेला गोळा टिकला पाहिजे आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडल्यावर फुटला पाहिजे. वरचे तीन इंच पांढऱ्या चोपण मातीचे. ही माती भिजली की तिचे बारीक कण सुटे होऊन फटी बुजवतात आणि पाणी खाली जाऊ देत नाहीत. काळी माती फुकट मिळाली तरी नको. सुकताना तिला बोटभर भेगा जातात. शेवटी शेणमातीचे सारवण.

उतार 40 फुटांना एक फूट, म्हणजे 16 फुटांत जवळपास 5 इंच. पन्हळीच्या बाजूला थर 6 इंच आणि उलट्या टोकाला 11 इंचांपर्यंत चालेल. पन्हळ भिंतीपासून दीड फूट तरी बाहेर असावी, नाहीतर तेच पाणी दगडांमधला चिखल धुऊन नेते. सवण्याभोवती, म्हणजे उजेडासाठी छतात ठेवलेल्या झरोक्याभोवती, 6 इंचांचा कठडा हवाच. गळती बहुतेक तिथूनच लागते.

माळवदावर सिमेंटचा गिलावा करू नये. माती फुगते-आकसते, गिलावा तडकतो, तडीतून शिरलेले पाणी वाळत नाही आणि कड्या वरून चांगल्या दिसत असतानाच आतून कुजतात. माती तशीच ठेवून वर पत्रे टाकणे हाही उपाय नव्हे, गळती थांबते पण टनांचे ओझे डोक्यावर तसेच राहते.

खांबांचे पायही याच वेळी बघून घ्या. घरातली जमीन भर टाकून वर आली असेल तर उथळा, म्हणजे खांबाखालचा दगड, गाडला जातो आणि लाकूड मातीत येते. भोवतीची भर काढून उथळ्याचे वरचे तोंड जमिनीपेक्षा तीन-चार इंच उंच राहील असे करा. पाय फूटभर कुजला असेल तर सांधा करत बसण्यापेक्षा दोन्ही बाजूंना टेकू देऊन चांगल्या लाकडापर्यंत कापा आणि खाली तेवढा उंच घडीव दगड बसवा. मध्ये डांबरी कागदाचा तुकडा.

पहिल्या पावसानंतर वर जाऊन भेगा चोपण मातीने बुजवा, उगवलेले गवत आणि पिंपळाची रोपे मुळासकट उपटा. पुढच्या वर्षी नवी माती टाकायचीच असेल तर आधी तेवढीच जुनी खरवडून काढा.