घरात समुद्री टाकी लावताना: पाणी आधी, प्रवाळ नंतर

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मास्क लावून पाण्यात डोकं घातलं की खाली प्रवाळ दिसतं, त्यातून ये-जा करणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे दिसतात, आणि परतीच्या प्रवासात माणूस मनातल्या मनात हॉलची भिंत मोजायला लागतो. माझं तसंच झालं. आज पुण्यातल्या फ्लॅटमध्ये तीन फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीचं चौथं वर्ष चालू आहे. या काळात जे काही बिघडलं, ते जवळजवळ प्रत्येक वेळी घाईमुळे बिघडलं. म्हणून हा लेख कामांच्या क्रमाने लिहिला आहे. क्रम मोडू नका.

कायद्यापासून सुरुवात

दुकानात हे सहसा कुणी सांगत नाही. कठीण, म्हणजे चुनखडीचा सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ हे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. महाशिंपले आणि समुद्री घोडेसुद्धा. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच यांना. समुद्रातून काढणं, विकणं आणि घरी बाळगणं हा गुन्हा आहे. शोकेसमधलं मेलेलं पांढरं प्रवाळही त्यात येतं. मालवणच्या किनाऱ्यावरून एक तुकडाही पिशवीत टाकू नका.

मग ठेवायचं काय? मऊ प्रवाळ. लेदर, झोअँथिड (दुकानातलं नाव ‘झोआ’), मशरूम. शास्त्राच्या हिशेबात हे तिन्ही एका गटातले नाहीत, पण बाजारात सगळ्यांना सॉफ्ट कोरल म्हणतात. ते वरच्या यादीत नाहीत, नवशिक्याला झेपतात आणि लाटेबरोबर डोलतात. कठीण प्रवाळापेक्षा ही डोलणारी टाकी मला जास्त जिवंत वाटते. टाकीतच वाढवलेले तुकडे घ्या, त्यांना ‘फ्रॅग’ म्हणतात. बिल मागा, आणि शंका असेल तर खरेदीआधी वन विभागाकडे अनुसूची तपासा.

टाकी, जागा, वजन

पहिली टाकी छोटी घ्यावी असं वाटतं. उलट करा. पाणी जितकं कमी, तितका प्रत्येक बदल जोरात जाणवतो. ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशा टाकीत साधारण १९० लिटर मावतात. सुरुवातीला हे माप उत्तम. पाणी, काच, दगड आणि स्टँड मिळून वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास जातं. म्हणून ती स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, बीमच्या वर किंवा भार घेणाऱ्या भिंतीलगत लांबी लावून ठेवा. खिडकीचं ऊन टाकीवर पडता कामा नये. स्टँड चारही बाजूंनी लेव्हलमध्ये आहे हे पाणी भरण्याआधी बघा, नंतर काही करता येत नाही.

स्टँडखाली संप बसवता आला तर पहिल्याच दिवशी बसवा. संप म्हणजे खालची दुसरी टाकी. वरचं पाणी पाइपने तिच्यात उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो. हीटर, स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातली घाण काढणारं यंत्र), सगळी यंत्रं तिथे लपतात. इथे एक चाचणी चुकवू नका: साध्या पाण्यावर सगळं चालू करा आणि मुद्दाम मेन स्विच बंद करा. पाइपमधलं पाणी उलटं खाली येईल. ते सगळं संपात मावलं पाहिजे. मावलं नाही तर पहिल्या लोडशेडिंगला ते फरशीवर असेल. टाकीच्या बोर्डावर ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता झोळातून खाली टपकेल.

पाणी

नळाचं पाणी चालत नाही, बोअरचं तर नाहीच. त्यातले नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका शेवाळाला खत पुरवतात आणि तांबं असेल तर बिनकण्याचे प्राणी मरतात. ‘घरी आरओ आहे की’ असं बरेच जण म्हणतात. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते, म्हणून त्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्यावर येत नाही. आरओनंतर डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) डबा लावा आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसलं की मगच ते पाणी वापरा.

त्यात मिसळायचं ते रीफ (म्हणजे प्रवाळाच्या) टाकीसाठीचं समुद्री मीठ. स्वयंपाकाचं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्रात त्याशिवाय लिटरमागे सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० हून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. जुहूचं किंवा गिरगावचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचा विचारही नको. त्यात सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात त्याची क्षारता पार घसरते.

लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ लागतं. नेहमी पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर कॅल्शियमचा पांढरा साका बसतो. अन्नासाठीच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये छोटा पंप सोडून रात्रभर फिरवा. क्षारता ३५ हवी, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार; विशिष्ट गुरुत्वाच्या भाषेत सुमारे १.०२६. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ क्षारतेच्या तयार द्रावणावर जुळवून घ्या. साध्या पाण्यावर शून्य दाखवणारं उपकरण ३५ ला चुकू शकतं, आणि आपलं सगळं काम ३५ पाशीच आहे.

दगड, वाळू आणि रिकामी टाकी

दगड कोरडा, मानवनिर्मित घ्या. समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे बहुतेक वेळा जुनं प्रवाळच असतं. १९० लिटरला १५ ते १८ किलो पुरतो. भिंत रचल्यासारखा थर लावू नका, कमानी आणि पोकळ्या ठेवा, पाणी मागूनही फिरलं पाहिजे. वाळू अ‍ॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटचा एक प्रकार), इंचभर.

आता टाकी भरलेली आहे आणि तिच्यात कुणीही नाही. हा काळ ४ ते ६ आठवड्यांचा आणि सगळ्यात महत्त्वाचा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो; तो विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत वस्ती करतात आणि तिला वेळ लागतो. बाटलीतले जिवाणू घाला, अमोनियम क्लोराइडचे थेंब टाकून अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमवर आणा, दिवा बंद ठेवा आणि दोन दिवसांनी एकदा टेस्ट किट काढा. आधी अमोनिया उतरेल, मग नायट्राइट चढून उतरेल. घातलेला २ मिलिग्रॅम अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य झालं की वस्ती झाली. मग एक तृतीयांश पाणी बदला.

मासे सोडून ‘सायकल’, म्हणजे ही जिवाणूंची वस्ती, करायचा सल्ला अजूनही दिला जातो. तो पाळू नका. त्या माशाचे कल्ले अक्षरशः जळतात.

उकाडा आणि वीज

परदेशी व्हिडिओ पाहून टाकी लावणारे आपल्याकडे इथेच फसतात, कारण तिथली चर्चा हीटरची असते. आपला प्रश्न मार्च ते जूनचा आहे. पाणी २५ ते २७ अंशांत ठेवायचं आहे. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं प्रकाशातून अन्न बनवून त्याला पोसतात. पाणी ३० च्या वर गेलं आणि तिथेच राहिलं, तर प्रवाळ ही शैवालं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपची प्रवाळं १९९८ मध्ये याच कारणाने पांढरी पडली होती.

पुण्यात, जिथे उन्हाळा कोरडा असतो, पाण्याच्या पृष्ठभागावर छोटे पंखे लावले की बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरतं. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, मग पंख्याचा फायदा निम्म्यावर येतो. तिथे आणि नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागतोच. चिलर बहुतेक वेळा काचेच्या टाकीपेक्षा महाग पडतो, म्हणून तो ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नका, सुरुवातीच्याच हिशेबात धरा.

पंखा लावला की दुसरं काम वाढतं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. उन्हाळ्यात माझ्या टाकीतून रोज तीन लिटर जातात. दोन दिवस विसरलं तर सहा लिटर, आणि ३५ ची क्षारता ३६ च्या वर. ही तूट रोज गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याने भरायची, खाऱ्या नाही. हे काम आपोआप करणारं यंत्र मिळतं, त्याला एटीओ म्हणतात. माझ्या मते दिव्यानंतरची पहिली खरेदी ती असावी.

वीज गेली की मासे उपाशी मरत नाहीत, गुदमरतात. वेव्हमेकर, म्हणजे टाकीत लाटा आणि प्रवाह निर्माण करणारा पंप, इन्व्हर्टरवर घ्या. त्याला फार थोडी वीज लागते आणि पृष्ठभाग हलता राहिला की पाण्यात प्राणवायू मिसळत राहतो. चिलर मात्र इन्व्हर्टरवर नको. बॅटरीवर चालणारा एक एअर पंपही हाताशी असू द्या.

तपकिरी, मग हिरवं

दिवा लावला की आठवड्याभरात वाळूवर तपकिरी लेप येतो, मग दगडांवर हिरवे केस उगवतात. घाबरू नका आणि कुठलंही औषध ओतू नका. गोगलगायी आणि दोन-चार हर्मिट खेकडे सोडा, दिवा ६ तासांवर आणा, हाताने उपटा. दोन-तीन महिन्यांत ओसरतं. पुढे दगडांवर जांभळे ठिपके दिसायला लागले की ते कोरलाइन शैवाल. ते आलं, म्हणजे टाकी रुळली. नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र शून्यावर नेऊ नका. पाणी अगदी उपाशी झालं की डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशीय जिवांचा चिकट, बुडबुड्यांचा थर येतो, आणि तो काढताना महिने जातात. लिटरला नायट्रेट ५ ते १० मिलिग्रॅमच्या आसपास, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम पुरेसं.

प्रवाळ

तिसऱ्या महिन्यात पहिला मशरूम, मग झोआ, मग लेदर. एका वेळी एक, आणि मध्ये दोन आठवडे. नवा तुकडा आधी कोरल डिपच्या (किडे काढणाऱ्या औषधाच्या) द्रावणात पाच-दहा मिनिटं हलवा. त्यातून पडणारे चपटे किडे पाहिलेत की ही पायरी पुन्हा कधी टाळणार नाही. दिवा ४० टक्क्यांवर सुरू करून महिनाभरात चढवा. मशरूम खाली सावलीत, झोआ मधे, लेदर वर आणि इतरांपासून हातभर दूर. लेदर शेजाऱ्यांना मारणारी रसायनं पाण्यात सोडतं, म्हणून संपात सक्रिय कार्बनची पिशवी ठेवा आणि महिन्याला बदला.

एक इशारा नीट वाचा. झोआ आणि त्याच्या जवळच्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय घातक विष असू शकतं. हाताळताना हातमोजे, कापताना डोळ्यांवर चष्मा. हातावर जखम असेल तर टाकीत हात घालू नका. आणि असं प्रवाळ चिकटलेला दगड कधीही उकळू नका किंवा गरम पाण्याने घासू नका. वाफेतून विषबाधा होऊन अख्खं घर रुग्णालयात गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

मासे

क्लाउनफिशची जोडी, तीसुद्धा हॅचरीत जन्मलेली. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशाच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला घेण्याचं कारण उरलेलं नाही. हे सगळे नर म्हणून वाढतात आणि जोडीतला मोठा मादी होतो, म्हणून लहान वयाचे दोन घ्या, जोडी आपोआप जमते. सिनेमामुळे सगळ्यांना हवा असलेला निळा टँग ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. तीन फुटी टाकी त्याला कोंडवाडा आहे, नको.

प्रत्येक मासा आधी वेगळ्या साध्या टाकीत चार आठवडे ठेवा. मी एकदा हे टाळलं. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत शिरला, आणि तांब्याचं औषध प्रवाळाला मारतं म्हणून तिथे घालता येईना. सगळे मासे बाहेर काढून, परजीवी उपाशी मरावा यासाठी टाकी अडीच महिने माशांविना ठेवावी लागली. दोन मासे त्यात गेले. ते अजून आठवतात.

हळूहळू

दर आठवड्याला २० लिटर पाणी बदला. त्याला ७२० ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं, आदल्या रात्री भिजवून ठेवा आणि तापमान जुळवून घाला. मऊ प्रवाळाच्या टाकीत एवढ्याने अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण, मोजायचं एकक डीकेएच) ८-९ डीकेएच आणि कॅल्शियम ४०० च्या पुढे टिकतं, वेगळं डोसिंग लागत नाही. प्रोटीन स्किमर पहिल्या सहा महिन्यांत, दुसरा वेव्हमेकर त्यानंतर, संपात किटो शैवाल (नायट्रेट शोषणारं हिरवं शैवाल) वर्षभराने. यातला कुठलाही बदल केला की दोन आठवडे दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, नाहीतर काय लागू पडलं ते कळत नाही. शंभर पानी वही ठेवा. तारीख, तापमान, क्षारता, नायट्रेट, काय केलं. माझी तिसरी वही चालू आहे.

गणपतीला पाच दिवस गावी जायचं असेल तर तयारी पंधरा दिवस आधी सुरू करा, निघायच्या आदल्या दिवशी कुठलीही नवी गोष्ट बसवू नका. एटीओचा डबा काठोकाठ भरा. माशांचं खाणं रोजच्या मापाने पाच छोट्या पुड्यांत बांधा आणि उरलेला डबा कपाटात कुलपात ठेवा, कारण प्रेमाने खाऊ घालणारा शेजारी दुप्पट घालतो. ज्याच्याकडे किल्ली देणार त्याला मेन स्विच, वेव्हमेकर आणि थर्मामीटर दाखवा, आणि २९ वर एक चिकटपट्टी लावून सांगा: आकडा इथे आला की मला फोन कर, रात्रीचे दोन वाजले असले तरी.