तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर घरी काय करायचं: जबडा आखडू देऊ नका

गालाचं, जिभेचं किंवा जबड्याचं ऑपरेशन होऊन माणूस घरी आला की भेटायला येणारे सगळे एकच सांगतात, "तोंडाला आराम द्या, जखम पक्की भरू दे, मग बघू." बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठेही जा, हेच ऐकायला मिळतं. चांगली उघडणारी तोंडं या एका सल्ल्यापायी कायमची आखडलेली मी पाहिली आहेत. आधी वॉर्डात सिस्टर म्हणून आणि नंतर घरोघरी ड्रेसिंगला जाताना जे शिकले, ते क्रमाने सांगते. तुमच्या सर्जनने डिस्चार्जच्या कागदावर वेगळं काही लिहिलं असेल तर तेच खरं धरा.

नळी, मान, खांदा

नाकातल्या नळीतून जेवण कसं द्यायचं हे घरातल्या दोघांनी तरी डिस्चार्जआधी स्वतःच्या हाताने करून बघावं. पेशंटला टेकून बसवा, नळीवरची खूण नाकपुडीशी जागेवर आहे का बघा, गाळलेलं अन्न सिरिंजमधून हळूहळू आपोआप उतरू द्या, दट्ट्या दाबू नका. शेवटी पाणी सोडून नळी धुवा. नंतर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. नळी निघून आली तर घरी परत घालायची नाही, हॉस्पिटल गाठायचं. आणि नुसतं डाळीचं पाणी देऊन माणूस उभा राहत नाही. डाळ पूर्ण शिजवून मिक्सरमधून काढून गाळा, दूध द्या, ताकातली नाचणीची आंबील द्या.

मानेवरचे टाके स्वच्छ आणि कोरडे ठेवा. ताप, पू, मानेच्या जखमेतून लाळ झिरपणं, दुसरीकडून आणून लावलेली कातडी निळी-काळी पडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. रक्त येऊ लागलं तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि तसेच निघा. श्वास घ्यायला त्रास झाला तरीही लगेच निघायचं.

मानेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात वर जात नाही, कारण खांदा उचलणारी नस तिथूनच जाते. फिजिओथेरपिस्ट सांगतील तेव्हापासून भिंतीवर बोटांनी चढत हात रोज थोडा वर न्या.

डॉक्टरांनी तोंडात पाणी घ्यायला परवानगी दिली की गुळण्या सुरू करा. उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, एवढंच. हळद, लवंगतेल, तुरटी तोंडात जाता कामा नये.

जबडा: इथे वेळ द्या

ऑपरेशननंतर चावायच्या स्नायूंमध्ये व्रण धरतो आणि ते आखडतात. वर रेडिएशन, म्हणजे लाईट, दिली की ते आणखी कडक होतात. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांचा गाल आतून आधीच ताठरलेला असतो. कर्नाटकात २०१३ पासून गुटख्यावर बंदी असली तरी असे पेशंट येतच आहेत. त्यांना तर तोंड उघडायच्या व्यायामावाचून पर्यायच नाही.

पेशंटची स्वतःची तीन बोटं, एकावर एक अशी, समोरच्या दातांमध्ये मावली तर तोंड ठीक उघडतंय. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर डॉक्टर त्याला आखडलेला जबडा म्हणतात. यात अडचण फक्त भाकरी चावण्याची नाही. दात घासता येत नाहीत, दातांच्या डॉक्टरांचं हत्यार आत जात नाही, आत नवीन काही उगवलं तर दिसत नाही आणि पुढे कधी भूल द्यायची वेळ आली तर श्वासाची नळी घालणं अवघड होतं.

व्यायाम कधी सुरू करायचा हे स्वतः ठरवू नका. हाड कापलं असेल, प्लेट बसवली असेल किंवा दुसरीकडचं मांस-कातडी आणून लावली असेल तर प्रत्येकाची तारीख वेगळी असते. सर्जनला तीन गोष्टी विचारा आणि कागदावर लिहून घ्या: काड्यांचा व्यायाम (तो पुढे सांगते) कोणत्या तारखेपासून, कोणत्या बाजूने, किती ताण द्यायचा. 'बघू नंतर' असं उत्तर मिळालं तर पुढच्या भेटीत पुन्हा विचारा. विचारायला संकोच करू नका.

साधन म्हणजे आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, नव्या आणि गुळगुळीत. एक काडी साधारण दोन मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे ३५ मिलिमीटरला सतरा-अठरा काड्या लागतात. जेवढ्या सहज मावतात तेवढ्यांची चळत करून दातांमध्ये ठेवा. मग पुढची काडी चळतीच्या मधोमध सरकवा, वर किंवा खाली नाही. मधली काडी लाकडावरून घसरत जाते, कडेची दाताला आणि हिरडीला खरवडते. गालात ताण जाणवला की थांबा, तीस सेकंद धरा, सोडा. असं पाच वेळा, दिवसातून पाचदा. नळीतून जेवण देण्याआधी करायचं असं ठरवलं की चुकत नाही, आणि पोट रिकामं असल्याने मळमळतही नाही.

हा टप्पा शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण समोरच्याच्या डोळ्यांत पाणी असताना काडी सरकवायला हात धजत नाही. यावर मला एकच उपाय सापडला आणि तो मी आता हट्टाने सांगते: काडी पेशंटच्याच हातात द्या. बायकोने किंवा मुलाने ढकलली की माणूस भीतीने दात आवळतो. स्वतःच्या हाताने तोच माणूस आणखी एक काडी घालून बघतो. घरच्यांनी घड्याळ बघावं, तीस मोजावेत.

ताण बसणं आणि कळ येणं यात फरक आहे. ओढ बसली, कानापुढे दुखलं, डोळ्यांत पाणी आलं तर चालतं. चमकून कळ आली किंवा रक्त आलं तर थांबा आणि डॉक्टरांना विचारा. दुखणं कमी करायची गोळी लिहून दिली असेल तर ती सकाळच्या व्यायामाआधी अर्धा तास घ्या, सकाळी जबडा सगळ्यात ताठ असतो. गरम पाण्याची पिशवी लावू नका. त्या भागाला बधिरता असते, भाजलेलं कळत नाही. चमच्याच्या दांड्याने तोंड उचकटू नका, पुढचे दात हलतात. च्युइंगम चघळल्याने तोंड उघडत नाही, हा सल्ला कोण पसरवतं मला कळत नाही.

रोज सकाळचा काड्यांचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहा.

लाईट सुरू झाल्यावर

लाईट लागणार असेल तर ती ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी. सुगी आहे, गावची लक्ष्मी जत्रा आहे म्हणून पुढे ढकलू नका. आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा आठवडे ये-जा असते. सोबत कर्नाटकातली बाई असेल तर शक्ती योजनेत राज्यातल्या साध्या सरकारी बसला तिचं तिकीट लागत नाही. खर्चासाठी आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेची चौकशी करा. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले योजनाही लागू केली आहे. मिरज-कोल्हापूरला जाणार असाल तर तिचंही विचारा.

लाईट सुरू होण्याआधी दात दाखवा, किडलेले काढायचे असतील तर तेव्हाच काढा. लाईट झालेल्या जबड्यातला दात कॅन्सरच्या डॉक्टरांना न विचारता कधीही उपटून घेऊ नका, अगदी काही वर्षांनीसुद्धा. तिथलं हाड भरून न येता सडत जाण्याचा धोका असतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडात फोड येतात आणि नेमका तेव्हाच व्यायाम सुटतो. एक-दोन काड्या कमी करा, पण पाच वेळा बसणं सोडू नका. लाईट संपली म्हणून काड्या टाकून देऊ नका, आखडणं नंतर काही महिन्यांनीही वाढतं. किमान वर्षभर चालू ठेवा.

तंबाखू, मिश्री, विडी पूर्ण बंद, आणि फक्त पेशंटची नाही. निपाणी भागात घरात विड्या वळल्या जातात, त्यावर संसार चालतो, हे मला ठाऊक आहे. तरी विड्या वळायचं सूप आणि तंबाखू पेशंटच्या खोलीतून हलवाच. वास आला की हात जातो.

पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी असते. मानेला लाईट दिली असेल तर सहा महिने ते वर्षातून एकदा थायरॉईडची रक्तचाचणी करून घ्या. फाईलबरोबर काड्यांचं कॅलेंडरही न्या. थोड्याच दिवसांत आकडा दोन-तीन काड्यांनी घसरला, किंवा नव्याने दुखू लागलं, गाठ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. आजार परत येत असेल तर कधी कधी जबडाच ते आधी सांगतो.