बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय: जाण्याआधीची तयारी

गोव्याच्या सहलीत बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय बघायचं ठरवलं असेल तर पहिलं काम कॅलेंडर उघडण्याचं. सोमवारी ते बंद असतं. शनिवार-रविवारला एखादी रजा जोडून येणाऱ्यांचा परतीचा दिवस नेमका सोमवार असतो, आणि ‘विमानतळाच्या जवळच तर आहे, जाता जाता बघू’ असा बेत असतो. तो बेत मोडा. मधला एखादा दिवस धरा आणि निदान अर्धा दिवस मोकळा ठेवा. तासाभरात उरकायची ही जागा नाही. वेळा आणि तिकीट आदल्या दिवशी विचारून घेतलेलं बरं.

आता विमानतळ. संग्रहालय दाबोळीपासून अगदी जवळ आहे, मोपापासून नव्हे. २०२३ पासून मोपाहूनही विमानं सुरू झाली आहेत, त्यामुळे तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून पुढे जाऊ नका. मोपा पेडण्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला आहे. रेल्वेने येणाऱ्यांना वास्को स्टेशन सोयीचं. मडगावला उतरलात तर पुढचा रस्त्याचा प्रवास हिशेबात धरा. टॅक्सीने जाणार असाल तर परतीचंही चालकाशी आधीच बोलून ठेवा. बाहेर पडल्यावर लगेच रिकामी गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. बॅगा मुक्कामीच ठेवून या.

पिशवीत काय? ओळखपत्र, पाणी, टोपी, चार्ज केलेला फोन. बस.

ऋतूचा विचार मात्र नीट करा. मोठी विमानं उघड्यावर उभी आहेत. मे महिन्यात दुपारी बारा वाजता त्यांच्यामध्ये फिरणं ही शिक्षा आहे, आणि पावसाळ्यात छत्री सांभाळत विमानाच्या पोटाखाली वाकून बघता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. कधीही गेलात तरी सकाळी उघडल्या उघडल्या आधी बाहेरची विमानं बघा आणि ऊन चढलं की इमारतीत शिरा. बरेच जण तिकीट काढून थेट इमारतीत जातात आणि भर उन्हात बाहेर येतात. मग विमानांच्या वाट्याला फक्त सेल्फी येतात.

आता खरी तयारी. ती घरी बसूनच करायची, आणि माझ्या मते टोपी-पाण्यापेक्षा ती महत्त्वाची. १९९८ साली सुरू झालेल्या या संग्रहालयातली बरीच विमानं विमानवाहू जहाजावरून उडणारी. तोकड्या धावपट्टीवर उतरायचं, उतरताच थांबायचं आणि मग जहाजाच्या पोटात कमी जागेत मावायचं. ही तीन संकटं डोक्यात ठेवून गेलात तर समोरचं विमान आपोआप कळू लागतं. पंख कुठे दुमडतात ती बिजागरी शोधा. शेपटीखालचा आकडा शोधा: उतरताना तो डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो आणि विमान थांबतं. चाकांचे पाय किती दणकट आहेत तेही बघा.

आधी वाचून ठेवायला चार विमानं पुरेत. पहिलं सी हॉक. १९७१ च्या डिसेंबरमध्ये आयएनएस विक्रांतवरून उडून याच जातीच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. त्याच्या शेपटीच्या टोकाला जेटचं तोंड शोधाल तर सापडणार नाही. धूर दोन्ही बाजूंना, पंखांच्या मुळाशी मागच्या अंगाला बाहेर पडतो. असं केल्यामुळे मागचा भाग इंधनासाठी मोकळा मिळाला. दुसरं, विक्रांतवरचाच त्याचा सोबती अलिझे. हे पाणबुड्या शोधणारं पंख्याचं विमान, आत तिघांची जागा. पोटाखाली रडारचा घुमट आहे, तो आत ओढून घेता येतो. वाकून बघा, उभ्याने दिसत नाही.

तिसरं सी हॅरियर. १९८३ साली ही विमानं दाबोळीला आली आणि मे २०१६ मध्ये त्यांना निरोपही इथेच दिला गेला. धडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अशी चार फिरती नळकांडी आहेत. ती खाली वळवली की विमान जागच्या जागी उतरतं. आता शेपटीखालचा आकडा शोधा. नाही, कारण या विमानाला तारेची गरजच नाही. मुलांना हे कोडं घालून ठेवा आणि उत्तर तिथेच शोधायला लावा. पुढे कामोव्ह हेलिकॉप्टरपाशी दुसरं कोडं: मागचा छोटा पंखा कुठे गेला? वरचे दोन पंखे एकाच अक्षावर, पण उलट दिशांनी फिरतात आणि एकमेकांचा पीळ मारतात, म्हणून हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरत नाही. त्यामुळे शेपटीच्या पंख्याचं कामच उरत नाही आणि हेलिकॉप्टर जहाजावर मावेल इतकं आखूड राहतं.

चौथं, आणि सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवायचं, ते सुपर कॉन्स्टेलेशन. ‘रानी ऑफ एलोरा’ या नावाने ते एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं. पुढे हवाई दलात गेलं आणि १९७६ मध्ये समुद्रावर टेहळणी करायला नौदलाकडे आलं. आपल्या वेरूळची राणी अशी गोव्यात स्थायिक झाली आहे. आधी लांबून, बाजूने बघा. धड सरळ नाही, माशासारखं हलका बाक घेतलेलं आहे. मग मागे जा. उभ्या शेपट्या तीन आहेत, कारण एकच उंच शेपटी केली असती तर विमान त्या काळच्या हँगरमध्ये शिरलं नसतं. पुढचं चाक इतक्या उंच पायावर का, याचं उत्तर पंख्यांत आहे: त्यांचा व्यास साडेचार मीटरच्या आसपास, ते जमिनीला लागू नयेत म्हणून. चार इंजिनं आणि प्रत्येकात १८ सिलिंडर. असल्या ७२ सिलिंडरांची निगा राखणाऱ्या मेकॅनिकांची मला जास्त कीव येते. वैमानिकाचं काय, तो उडून जातो.

एक अपेक्षा आधीच कमी करून जा. खारी हवा आणि कोकणपट्टीचा पाऊस धातूला सोडत नाही. रंगाचे पोपडे, फिकट झालेली अक्षरं, कुठे गंजाचा ओघळ हे दिसणारच. नाराज होण्याऐवजी त्या सालपटांखालचे रिव्हेट आणि जोड बघा.

इमारतीत इंजिनं, शस्त्रं, विमानवाहू जहाजांची माहिती आणि प्रतिकृती आहेत. बाहेरचं नीट बघून झालं असेल तर विक्रांतची प्रतिकृती बघताना ‘एवढ्याशा जागेत ते विमान उतरायचं?’ हा प्रश्न मुलंच विचारतील. किरण हे प्रशिक्षण विमान दिसलं तर डॉ. विष्णू माधव घाटगे हे नाव मुलांना सांगा. हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये त्याच्या आराखड्यामागे हा मराठी माणूस होता.

फोटो काढणाऱ्यांनी मोठी लेन्स घरीच ठेवावी, विमानं हाताच्या अंतरावर आहेत. रुंद कोन लागेल. शेजारीच आयएनएस हंसा हा नौदलाचा चालू तळ आहे, कॅमेरा त्या दिशेला वळवू नका. लढाऊ विमानाचा गडगडाट डोक्यावरून गेला तरी आधी फोन काढायचा नाही, हे मुलांना आदल्या रात्रीच बजावा. पंखावर चढायचं नाही, पंख्याच्या पात्याला लोंबकळायचं नाही, हेही.

बोगमाळोचा किनारा याच रस्त्याने पुढे आहे. पोहायचं असेल तर संग्रहालय झाल्यावर जा. आधी पाण्यात उतरलात की मुलं तिथून निघत नाहीत, आणि मोठेही.