जुनं अमेरिकन घड्याळ घेताना आधी आत डोकवा

जुनं घड्याळ विकायला ठेवलेलं दिसलं की बहुतेक जण आधी तबकडीकडे बघतात. मी दार उघडून आत बघते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात बनलेल्या घड्याळांत मागच्या फळीवर बहुधा छापील कागद चिकटवलेला असतो. त्यावर कारखान्याचं नाव, गाव, चावी कशी द्यायची त्याच्या सूचना. कागद काळवंडलेला, कुरतडलेला असला तरी चालेल. त्यावर ओलं फडकं मात्र फिरवू नका. सेथ थॉमस या कारखानदाराच्या कंपनीच्या कागदावर गाव ‘प्लिमथ हॉलो’ असेल तर माल आधीचा, ‘थॉमस्टन’ असेल तर नंतरचा. १८५९ साली सेथ थॉमस गेल्यावर काही वर्षांनी गावालाच त्याचं नाव मिळालं.

याच कंपनीच्या १८८० नंतरच्या बऱ्याच घड्याळांच्या तळाला किंवा पाठीला शाईचा शिक्का असतो. समजा तिथे ‘४९८१ एल’ आहे. आकडा उलटा वाचा: १८९४. एल हे बारावं अक्षर, म्हणजे डिसेंबर. विक्रेता हाच आकडा मॉडेल नंबर म्हणून सांगत असेल, तर मी गप्प बसून भाव विचारते.

मग यंत्राच्या आजूबाजूला टॉर्च मारा. फळीवर रिकामी स्क्रूची भोकं दिसली, किंवा चावी लावायची टोकं तबकडीच्या भोकांच्या मधोमध येत नसली, तर यंत्र दुसऱ्याच घड्याळातलं असण्याची दाट शक्यता. अशा जोडकामाला पूर्ण किंमत देऊ नये, पेटी कितीही देखणी असो.

पहिली खरेदी म्हणून मी ‘ओजी’ सुचवते. नागमोडी कडेची लाकडी चौकट, साधारण २६ इंच उंची, दोन वजनं, रोज चावी. कनेटिकटचाच घड्याळ कारखानदार चॉन्सी जेरोमने स्वस्त पितळी यंत्रं काढली आणि १८४२ साली अशी घड्याळं इंग्लंडला धाडली. इतकी कमी किंमत म्हणजे लबाडीच, असं समजून तिथल्या कस्टमने बिलाच्या भावाने सगळा मालच विकत घेतला. जेरोमला फुकटात रोख गिऱ्हाईक मिळालं, त्याने लगेच पुढची खेप पाठवली! ओजी इतक्या बनल्या की आजही त्या परवडतात. त्याआधीच्या एली टेरी या घड्याळजीच्या काळातली लाकडी चाकांची घड्याळं मोहात पाडतात, पण दात तुटले की दुरुस्त करणारा शोधत फिरावं लागतं. ती नंतर.

काळ्या संगमरवरासारखं घड्याळ दिसलं तर उचलून बघा. हलकं लागलं तर ते लाकूड असेल. सेथ थॉमसच्या ‘अ‍ॅडमंटाइन’ पेट्यांवर सेल्युलॉइडचा, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचा, पातळ थर असतो. त्याला अ‍ॅसिटोन लागलं की तो विरघळतो, आणि आगीजवळ तर तो नेऊच नका.

घ्यायच्या आधी हात आणि डोळे तयार करायचे असतील तर कनेटिकटमधल्या ब्रिस्टलचं अमेरिकन क्लॉक अँड वॉच म्युझियम बघा.

घरी नेताना लंबक आणि वजनं काढून वेगळी गुंडाळा. स्प्रिंगचं यंत्र असेल तर स्प्रिंगला चावी दिलेली असताना यंत्राच्या पुढच्या-मागच्या धातूच्या पट्ट्या उघडायला जाऊ नका. सुटलेली स्प्रिंग बोटं फोडते. जागेवर ठेवल्यावर कान द्या: टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं हवं. लंगडं ऐकू आलं तर घड्याळ डावी-उजवीकडे किंचित कलवून बघा आणि ठेका जमतो तेव्हा जी बाजू उचललेली असते, त्या बाजूला लंबकाला ढकलणारी तार अगदी हलकेच वाकवा.

काटे तीन दाखवतात आणि टोले पाच पडतात, ही तक्रार हमखास येते. घड्याळ बिघडलेलं नसतं. टोले मोजणारं चाक वेगळं असतं, ते पुढे-मागे झालेलं असतं. काटे उलटे फिरवू नका. बहुतेक यंत्रांत खाली एक बारीक तार लोंबते. ती वर उचलून सोडली की पुढचे टोले पडतात. काट्यांशी जुळेपर्यंत असंच करत राहा.